बारा ओळींची 'उलंगवाडी': हे वृत्त आहे का, आणि चौथी ओळ आखूड का?

धुरकरी

नमस्कार मंडळी. खालची कविता माझ्या मोठ्या बहिणीची आहे, तिला विचारूनच इथे टाकतो आहे. आम्ही दर्यापूर तालुक्यातले, खारपाणपट्ट्यातले. विहिरीचं पाणी खारं, त्यामुळे आमची कपाशी पावसाच्या भरवशावर. ताई लहानपणापासून वेचणीला जाते आणि तिची कविताही वावरातच होते. घरी आल्यावर ती फक्त लिहून ठेवते.

धुऱ्यावर माय
बांधते व ओटी
पांढऱ्याच्या पोटी
कायं ऊन

वायलेली बोंडं
बोटाले रुतली
सरकी सुटली
गाठ नाही

उलंगली वाडी
ढोरं वावरात
अजून ते हात
वेचतात

'धुरा' म्हणजे वावराचा बांध, 'कायं' म्हणजे काळं, 'वायलेली' म्हणजे वाळलेली. एका कविसंमेलनात तिनं ही वाचली. तिथल्या एका जाणत्या गृहस्थांनी सांगितलं की यात मात्रा जुळत नाहीत, लघुगुरूचा क्रम नाही, तेव्हा याला मुक्तछंद म्हणावं. आणि दर चौथी ओळ तोकडी पडते, तिथे दोन अक्षरं घालून सहा करावीत. ताईचं म्हणणं, "अक्षरं घातली का ते माह्यं राह्यत नाई." मलाही तसंच वाटतं, पण कारण सांगता येत नाही.

विचारायचं ते असं. हे वृत्त आहे का? असेल तर कोणतं? चौथी ओळ आखूड ठेवायला काही आधार आहे का? आणि कवितेचा भाव तुम्हाला कोणता लागला? नुसतं 'छान आहे' नको, सोलून सांगा.

प्रतिसाद: लघुगुरू

धुरकरी, आधी मात्राच मोजू, म्हणजे त्या गृहस्थांच्या म्हणण्याचा निकाल लागेल. लघु अक्षराची १ मात्रा, गुरूची २. जोडाक्षराचा आघात मागच्या ऱ्हस्व अक्षरावर आला तर ते गुरू होतं, पण 'धुऱ्यावर'मधला 'ऱ्या' 'धु'ला धक्का देत नाही, म्हणून 'धु' लघुच राहतो. 'कायं', 'बोंडं', 'ढोरं' यांतला शेवटचा 'अं' आपण लांबवून म्हणतो, तो गुरू. असं धरलं तर पहिल्या कडव्याच्या मात्रा येतात ८, १०, ११, ७. दुसऱ्याच्या ११, १०, ८, ७. तिसऱ्याच्या १०, १०, ९, ६. म्हणजे हे मात्रावृत्त नाही, आणि लघुगुरूचा ठरलेला क्रम नसल्यामुळे अक्षरगणवृत्तही नाही. इथपर्यंत ते गृहस्थ बरोबर आहेत.

पण तेवढ्यावरून मुक्तछंद ठरत नाही. आता मात्रा सोडा आणि अक्षरं मोजा. धु-ऱ्या-व-र-मा-य, सहा. बां-ध-ते-व-ओ-टी, सहा. पां-ढ-ऱ्या-च्या-पो-टी, सहा. का-यं-ऊ-न, चार. पुढची दोन्ही कडवी मोजून पाहा, ६, ६, ६, ४ कुठेही ढळत नाही. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं: ओटी-पोटी, रुतली-सुटली, वावरात-हात. हा मोठा अभंग. छंदशास्त्रात त्याला देवद्वार म्हणतात, आणि ते नाव ज्या ओळींवरून पडलं त्या तुम्हा सगळ्यांना पाठ असतील:

देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी।
तेणें मुक्ति चारी साधियेल्या॥

'साधियेल्या' मोजा. चार. हरिपाठातली ती ओळ कुणाला तोकडी वाटत नाही, तर 'गाठ नाही'च का वाटावी?

माधवराव पटवर्धनांनी 'छंदोरचना'मध्ये मराठी पद्याचे वृत्त, जाती आणि छंद असे तीन वर्ग केले. वृत्तात लघुगुरूचा क्रम, जातीत मात्रांचं माप, आणि छंदात फक्त अक्षरांची संख्या. छंद म्हणताना लघु आणि गुरू असा भेद राहत नाही, प्रत्येक अक्षराला सारखा आणि लांब उच्चार मिळतो. संमेलनात जातीचं माप छंदाला लावलं गेलं, म्हणून ते जुळलं नाही.

आणखी एक, कारण भावाकडे जाण्याची वाट इथूनच आहे. आपण बोलताना 'वर' आणि 'माय' यांच्या शेवटचा 'अ' गिळतो. बोलण्यातल्या आवाजानं 'धुऱ्यावर माय'चे चारच तुकडे पडतात: धु, ऱ्या, वर्, माय्. सहा अक्षरं ऐकू यायची तर 'व-र' आणि 'मा-य' सुटं सुटं, सावकाश म्हणावं लागतं. हा छंद घाईनं वाचताच येत नाही. ताईंनी तो ठरवून निवडला असेल किंवा कानात होता म्हणून आला असेल, पण कवितेचा संथपणा पहिल्या ओळीपासून त्यानंच आणला आहे.

प्रतिसाद: झाडीपट्टीतून

आमच्याकडे धान. रोवणीच्या वेळी चिखलात वाकून परे लावणाऱ्या बायांची गाणी ऐकत मोठा झालो, पण कपाशीचं पीक मी बसच्या खिडकीतूनच पाहिलंय. त्यामुळे ओटी म्हणजे नक्की काय बांधतात, आणि उलंगवाडी म्हणजे काय, हे कुणी सांगेल का? ते कळल्याशिवाय भावाबद्दल बोलणं बरं नाही.

प्रतिसाद: पूर्णाकाठ

दादा, सांगते. ओटी म्हणजे जुन्या लुगड्याचं किंवा धडक्याचं कापड कमरेला असं बांधायचं की पुढं खोळ तयार होते. वेचलेला कापूस त्या खोळीत टाकत जायचा, भरली की धुऱ्यावर किंवा गंजीवर रिकामी करायची. गाठ पक्की लागते, नाहीतर भरल्या ओटीनं कंबर ओढली जाते. पहिल्या वेचणीला आमच्याकडं सीतादही करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवून मग ओटी बांधायची. म्हणून मला पहिलं कडवं पहिल्या वेचणीचंच वाटलं.

उलंगवाडी म्हणजे कपाशीचा हंगाम संपणं. शेवटची वेचणी झाली, पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या झाडावर, काही उरलं नाही, की वावर ढोरांना मोकळं करतात. खारपाणपट्ट्यात ओलित नाही, म्हणून ती आमच्याकडं लवकर होते. आता तर बोंडअळीमुळं फरदड, म्हणजे हंगाम लांबवून घेतलेलं पीक, घेऊ नका असंच कृषी विद्यापीठवाले सांगतात, त्यामुळं आणखी लवकर. आणि उलंगवाडी झाली की पडलेला, अर्धवट उललेला कापूस ज्याला पाहिजे त्यानं वेचून न्यावा अशी रीत होती. त्याला सरवा म्हणतात. भूमिहीन घरच्या बाया सरव्याला जात.

हे सांगितलं कारण तिसऱ्या कडव्याचा अर्थ मला यावरच अवलंबून दिसतो. 'अजून ते हात वेचतात' हे हात कुणाचे? माय जर वावराची धनीण असेल, तर पीक संपल्यावरही तिचा जीव पऱ्हाटीतून निघत नाही. मजूर असेल, तर किलोच्या भावानं मिळणारी मजुरी आता बंद झाली आणि ती सरवा वेचते आहे. दोन्हीत हात तेच करतात, पण पहिल्यात ओढ आहे आणि दुसऱ्यात गरज. मी स्वतः दुसरं वाचलं. आमच्या मोहल्ल्यातल्या बाया डोळ्यापुढं आल्या.

एक शंका धुरकरींच्या ताईंना. 'सरकी सुटली' म्हणजे काय? वावरात सरकी सुटत नाही. वेचतो तो सरकीसकट, म्हणजे बियांसकट, कापूस, सरकी वेगळी होते ती जिनिंगमध्ये. वेचणीतल्या बाईच्या हातून ही चूक होणार नाही, म्हणून विचारते.

प्रतिसाद: रानवाट

पूर्णाकाठ यांचं वाचन आवडलं. माझे मात्र कवितेच्या बांधणीवर दोन आक्षेप आहेत.

पहिला. 'बांधते व ओटी' मधला 'व' सहा अक्षरं भरायला घातलेला दिसतो. छंदात लिहिताना भरतीचं अक्षर हा मोठा दोष असतो, आणि बारा ओळींच्या कवितेत तो लपत नाही. 'बांधतेय ओटी' केलं तरी अक्षरं सहाच राहतात.

दुसरा. देवद्वारात चौथा चरण यमकात येत नाही. पहिल्या दोन कडव्यांत ते पाळलं आहे: 'कायं ऊन' आणि 'गाठ नाही' एकटे उभे राहतात. तिसऱ्यात मात्र वावरात, हात, वेचतात असं तिन्ही चरण जुळले. इतकं जुळलं की शेवट टाळी घेणारा होतो, आणि ही कविता टाळीची नाही.

भावाबद्दल म्हणाल तर सरळ करुण. वऱ्हाडातली माय आणि कापूस म्हटलं की दुसरं काय असणार?

प्रतिसाद: धुरकरी

रात्री ताईला सगळं वाचून दाखवलं. 'व'बद्दल ती म्हणाली, "बाईशी बोलताना आमी 'व' म्हनतोच. म्या हे माह्या बहिनीले सांगून राह्यली." आमच्याकडे बाईला हाक मारताना, तिच्याशी बोलताना 'व' येतोच, हे इथल्या वऱ्हाडी मंडळींना ठाऊक आहे. म्हणजे कवितेत एक बाई दुसऱ्या बाईला आईबद्दल सांगते आहे.

सरकीबद्दल म्हणाली की कापूस विकून झाला, जिनिंगमध्ये गेला, त्याची सरकीही सुटली, इतके दिवस गेले. गाठ कशाची, हे मात्र तिनं सांगितलं नाही. "जिले जे समजन ते," एवढंच.

प्रतिसाद: पूर्णाकाठ

मग तर दुसरं कडवं फारच मोठं झालं. 'बोटाले रुतली' पर्यंत आपण वावरात आहोत आणि 'सरकी सुटली' म्हणताना थेट जिनिंगमध्ये. मधे गाडी भरणं, काटा, भाव, चुकारा, सगळं गेलं, आणि कवितेनं त्यावर एक अक्षर खर्चलं नाही. रुतली आणि सुटली यांचं यमक ही एवढी मोठी उडी झाकून नेतं. कानाला दोन्ही चरण शेजारचे वाटतात, आणि त्यांच्यामधे एक अख्खा हंगाम आहे.

रानवाट दादा, तुम्ही सुचवलेलं 'बांधतेय ओटी' घेतलं तर अक्षरं जुळतील, पण ऐकणारी बाई कवितेतून निघून जाईल. मग ती कुणीतरी लांबून पाहिलेली माय होते.

प्रतिसाद: खंजिरी

रामराम मंडळी. मी आमच्या गावच्या भजनी मंडळात खंजिरी वाजोतो. तुकडोजी महाराजांच्या भजनानं आमच्या भागात खंजिरी गावोगाव हाय. लघुगुरू सरांनं कागदावर सांगतलं, मी ठेक्यावर सांगतो.

भजनाचा ठेका आठ मात्रांचा. सहा अक्षरं आठात बसवाची असली तर पहिली चार एकेक मात्रेची आन् शेवटली दोन लांबोतो. दे-वा-चि-ये, द्वाऽ-रीऽ. उ-भा-क्ष-ण, भऽ-रीऽ. आन् चार अक्षरांचा चरण आला का चारही अक्षरं दोन-दोन मात्रांची: साऽ-धिऽ-येऽ-ल्याऽ. ठेका तोच, आठाचाच. त्याच्यात काई कमी पडत नाई.

ताईची कविता तशीच म्हना. धु-ऱ्या-व-र, माऽ-यऽ. बां-ध-ते-व, ओऽ-टीऽ. पां-ढ-ऱ्या-च्या, पोऽ-टीऽ. मंग काऽ-यंऽ-ऊऽ-नऽ. चौथा चरण तोकडा नाई, तो सगळ्यात सावकाश हाय. सहा अक्षराले जेवढा वेळ, तेवढाच चार अक्षराले. म्हून ते दोन अक्षरं घालाचं काम करू नका. घातले तर चाल तिथं थांबनार नाई, तशीच पुढं पयत जाईन.

शेवटचं म्हनून पाहा. अ-जू-न-ते, हाऽ-तऽ. वेऽ-चऽ-ताऽ-तऽ. मी काल मंडळात हे म्हनलं. पेटीवाल्यानं शेवटच्या चरणावर हात काढून घेतला, कोनी सांगतलं नोतं.

प्रतिसाद: लघुगुरू

खंजिरी भाऊ, या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद तुमचा. त्यावरून एक फरक ध्यानात येतो तो मांडतो.

नुसतं वाचताना आपण सगळी अक्षरं सारख्या लांबीची म्हणतो. मग पहिल्या तीन चरणांना जेवढा वेळ लागतो त्याहून चौथ्याला कमी लागतो, आणि उरलेला वेळ गप्प जातो. 'गाठ नाही' म्हणून झालं की दोन अक्षरांएवढी शांतता. भजनात ती शांतता वेगळी राहत नाही, अक्षरांच्या आत मुरते आणि चरण संथ होतो. एकच छंद, पण वाचला तर चौथ्या चरणानंतर थांबा, म्हटला तर चौथ्या चरणातच ओढ. आता भाव पाहा. 'गाठ नाही'ला मला थांबा हवासा वाटतो, तिथे बोलणं अडल्यासारखं झालं पाहिजे. 'वेचतात'ला ओढ हवी, कारण क्रिया चालू आहे. 'कायं ऊन' दोन्हीकडे चालतं.

दोन अक्षरं घालून पाहायची तर घालूच. 'सरकी सुटली / गाठ सुटे नाही.' मोजून सहा. पण आधीच्या चरणातलं 'सुटली' वाचणाऱ्याच्या मनात होतंच, आपण ते पुन्हा सांगितलं. 'अजून ते हात / वेचतात बोंडं.' हेही सहा, आणि आता ते हात फक्त बोंडं वेचतात. आधी ते काय वेचत होते हे वाचणाऱ्यावर मोकळं सोडलेलं होतं.

रानवाट यांच्या दुसऱ्या आक्षेपाचं काय? नियम त्यांनी बरोबर सांगितला. चौथ्या चरणाला यमकाचं बंधन नाही, आणि बहुतेक अभंगांत तो सुटाच असतो. मी मात्र ते यमक ठेवीन. दोन कडवी कानाला सवय लागली की चौथा चरण एकटा येतो आणि तिथे काहीतरी तुटतं. तिसऱ्यात तो आधीच्या दोघांत मिसळतो, आणि 'आत' हा आवाज तिसऱ्यांदा येतो. त्यामुळे कविता थांबली असं वाटत नाही, काम पुढे चालूच आहे असं वाटतं. टाळी घेणाऱ्या यमकात शेवटचा शब्द अनपेक्षित असतो आणि तो जोरात पडतो. 'वेचतात' हा या कवितेतला सगळ्यात साधा शब्द आहे.

प्रतिसाद: रानवाट

'व'चा आक्षेप मी सोडतो. ऐकणारी बाई मिळाली की ते अक्षर भरतीचं राहत नाही. यमकाबद्दल अजून पूर्ण पटलेलं नाही. मोठ्यानं म्हणताना ठीक वाटतं, डोळ्यांनी वाचताना तीन 'त' खाली खाली येतात ते दिसतं. कदाचित हा ओळी मांडण्याचा प्रश्न असेल.

प्रतिसाद: कायीपांढरी

ही ओवी नाही का? माझी आजी जात्यावर म्हणायची ते असंच काहीसं होतं.

दुसरं, 'पांढऱ्याच्या पोटी कायं ऊन' याबद्दल कुणीच बोललं नाही. आमच्या गावात काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे गावठाण. 'काळीत गेला' म्हणजे वावरात गेला. कवितेत कापूस पांढरा, ऊन काळं, आणि त्याखाली काळी-पांढरीची ही जोडी ऐकू येते. वेचताना दुपारी पांढऱ्यावर ऊन असं चमकतं की डोळ्यापुढं अंधारी येते, तो अनुभवही त्यात आहे. चारच अक्षरांत.

प्रतिसाद: लघुगुरू

ओवीशी नातं जवळचं आहे, पण घडण वेगळी. ग्रंथातल्या ओवीत पहिल्या तीन चरणांना यमक असतं आणि चौथा आखूड, सुटा. चरणांतली अक्षरसंख्याही बांधलेली नसते. जात्यावरच्या ओवीत ती आणखी सैल, गळ्याला आणि जात्याच्या फेऱ्याला जुळेल तशी. इथे यमक दुसऱ्या-तिसऱ्यालाच आहे आणि संख्या काटेकोर, म्हणून देवद्वार. पण आखूड चौथ्या चरणावर भार टाकायची सवय मराठी कानाला ओवीनंच लावली असावी, असं मला वाटतं. आणि बाईनं गाण्यातून रचायची परंपरा धुरकरींच्याच अमरावती जिल्ह्यातली आहे. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात महदंबेनं धवळे रचले, ती मराठीतली आद्य कवयित्री मानली जाते. धवळे ही लग्नातली गाणी, म्हणायसाठीच रचलेली.

प्रतिसाद: झाडीपट्टीतून

आता ओटी आणि उलंगवाडी दोन्ही समजली, म्हणून भावाबद्दल लिहितो. रानवाट यांनी सरळ करुण म्हटलं, ते मला मान्य नाही.

करुणाचा स्थायी भाव शोक. या बारा ओळींत शोक कुठे आहे ते मी शोधलं. भावना सांगणारा एकही शब्द नाही. दुःख, वेदना, आसू, हाय, काहीच नाही. आईला एकही विशेषण नाही, थकलेली नाही, बिचारी नाही. विशेषण आहे ते बोंडांना आणि उन्हाला. बाकी सगळी क्रियापदं: बांधते, रुतली, सुटली, उलंगली, वेचतात. त्यांचा काळ पाहा. वर्तमानात सुरुवात, मधे सगळं भूतकाळात जातं, आणि शेवटी परत वर्तमान. हंगाम संपल्याची बातमी भूतकाळात आहे आणि तिचं काम दोन्ही टोकांना वर्तमानात.

दुसरं मला दिसलं ते हे. पहिल्या कडव्यात 'माय' आहे. दुसऱ्यात तिची फक्त बोटं आहेत. तिसऱ्यात 'ते हात'. 'तिचे' सुद्धा म्हटलेलं नाही. माणूस हळूहळू कवितेतून कमी होत जातो आणि काम उरतं. अभंगाच्या शेवटच्या कडव्यात संत आपली नाममुद्रा घालतात, 'तुका म्हणे' वगैरे. ज्या जागी नाव यायचं त्या जागी इथे हात आले आहेत. हे मला वाचून झाल्यावर बराच वेळ सोडत नव्हतं.

याला मी करुण म्हणणार नाही. शांतही नाही, कारण शांतात विरक्ती लागते आणि हे हात विरक्त नाहीत. रसाचं नाव द्यायचा आग्रह नसेल तर मी म्हणेन, आदर. सांगणारी बहीण आईकडे ज्या नजरेनं बघते तो.

प्रतिसाद: पूर्णाकाठ

दादा, आदर हे पटलं. कापसाच्या कवितेत रडणं आधीच गृहीत धरतात, ते मला खटकतं. वेचणीला गेलेल्या बाया दिवसभर बोलतात, एकमेकींची थट्टा करतात, लेकीच्या सोयरिकी तिथंच जमवतात. या कवितेतली बाईही बहिणीशी बोलतच आहे.

नादाबद्दल एक भर घालते. पहिल्या दोन कडव्यांत 'ट' फार आहे: ओटी, पोटी, बोटाले, सुटली, आणि शेवटी 'गाठ'मधला 'ठ'. वाळलेल्या बोंडाची टोकं खरंच अशीच टोचतात. तिसऱ्या कडव्यात 'ट' एकदाही नाही, तिथं 'व' आणि 'त' आले. बोंडं संपली आणि टोचणारा आवाजही संपला. हात मोकळ्या पऱ्हाटीवर फिरत आहेत हे मला अर्थाआधी कानानं कळलं.

प्रतिसाद: खंजिरी

पूर्णाकाठ ताई, बरोबर. म्हनताना दुसऱ्या कडव्याले जीभ टाळूले जाते, तिसऱ्याले दाताले येते. गयाले तिसरं सोपं जाते.

प्रतिसाद: रानवाट

झाडीपट्टीतून आणि पूर्णाकाठ, दोघांचं वाचून पुन्हा कविता वाचली. 'करुण' हा शब्द मी विषयावरून लावला होता, ओळींवरून पाहिलं तर तुमचं म्हणणं टिकतं. आता एक बारीक प्रश्न. 'कायं' आणि 'वायलेली' असं वऱ्हाडीत लिहिलं, तर 'गाठ नाही' प्रमाण मराठीत का? 'गाठ नाई' हवं. अक्षरं चारच राहतात.

प्रतिसाद: लघुगुरू

अक्षरं बदलत नाहीत, म्हणून निर्णय पूर्ण कवयित्रीचा. पण वऱ्हाडीतून प्रमाण मराठीत आणताना दर वेळी असं होत नाही, हे इथल्या लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. 'ळ'चा 'य' झाला तर संख्या तीच राहते. 'म्हणून'चं 'म्हून' झालं की तीनाची दोन होतात, 'नव्हतं'चं 'नोतं' झालं तरी तेच. छंदात लिहिलेली वऱ्हाडी कविता छापताना कुणी प्रमाण करून टाकली तर चरण बिघडतो, आणि दोष कवीच्या माथी येतो. छापायला देताना 'शब्द जसेच्या तसे ठेवावेत' असं वर लिहून द्या.

मांडणीबद्दल रानवाट यांनी म्हटलं त्यात तथ्य आहे. बारा तुकड्यांत लिहिली की डोळा दर चार-सहा अक्षरांना खाली उतरतो, आणि कविता आहे त्याहून तुटक दिसते. मुक्तछंदाची शंका आली ती बहुतेक त्यामुळेच. अभंग परंपरेनं दोन ओळींत लिहितात. तसं लिहिलं तर 'ओटी' ओळीच्या शेवटी येते, 'पोटी' पुढच्या ओळीच्या मधे जाते, आणि चौथा चरण वेगळा आखूड दिसतच नाही. तो फक्त ऐकू येतो. शेवटचे तीन 'त'ही एकाखाली एक येणार नाहीत.

प्रतिसाद: धुरकरी

सगळ्यांचे मनापासून आभार. ताईला पूर्ण धागा वाचून दाखवला. खंजिरी भाऊंचा प्रतिसाद तिनं दोनदा वाचायला लावला आणि मग ताटावर बोटांनी ठेका धरून स्वतः म्हणून पाहिली. झाडीपट्टीतल्या दादांनी हातांबद्दल लिहिलं ते ऐकून म्हणाली, "त्याईले सांग, बराबर वाचलं."

हात धनिणीचे की मजुराचे, हेही विचारलं. आमचं दोन एकर वावर आहे आणि आई दुसऱ्याच्या वावरातही वेचायला जायची. त्यामुळे पूर्णाकाठ ताईंचे दोन्ही अर्थ आमच्या घरात एकाच माणसाचे होते.

'नाही'चं 'नाई' करायला ती तयार आहे. 'व' राहणार, शेवटचं यमक राहणार, चौथ्या चरणात अक्षर वाढणार नाही. एका दिवाळी अंकाकडे पाठवायची आहे ती लघुगुरू सरांनी सांगितल्याप्रमाणे दोन-दोन ओळींत, आणि शब्द जसेच्या तसे ठेवावेत अशी सूचना वर लिहून. पाठवायची प्रत अशी केली आहे, कुणाला काही खटकलं तर या आठवड्यात सांगा:

धुऱ्यावर माय बांधते व ओटी।
पांढऱ्याच्या पोटी कायं ऊन॥

वायलेली बोंडं बोटाले रुतली।
सरकी सुटली गाठ नाई॥

उलंगली वाडी ढोरं वावरात।
अजून ते हात वेचतात॥

प्रतिसाद: रानवाट

आता काही खटकत नाही. पाठवा.